न लागणाऱ्या दोन कड्या

उलोमाच्या दाराला दोन कड्या होत्या, एक पार वर, एक पार तळाशी. मधली कधीतरी मोडली, आणि घरमालकानं "बसवून देतो" म्हटलं, म्हणजे विषय संपला. सिझर होऊन घरी आल्यापासून वरच्या कडीला हात उंचावला की तिचे टाके ओढायचे आणि खालचीकडे वाकलं की चिमटायचे. आबा नावाच्या शहरातली आमची चाळ म्हणजे एका बोळात समोरासमोर तोंडं करून बसलेल्या दहा खोल्या. तिथं कडी न लागलेल्या दाराला दार म्हणत नाहीत.

आणि हिला तर दार लावायचंच होतं. कारण सिझर झालंय हे चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

हे नवऱ्याचं कर्तृत्व. अझुबुइके लागोसच्या बसवर ड्रायव्हर. मुलगी झाली तसा त्यानं आनंदात पास्टरला फोन लावला. पास्टरनं विचारलं, "आपली आपण सुटली ना? सुरी नाही ना लावावी लागली?" आमच्या चर्चमध्ये आपली आपण सुटलेली बाई प्रार्थनेत पास, सिझरवाली नापास. अझुबुइके म्हणाला, "छे छे, तीन कळांत!" तीनच का, हे त्याला आजही सांगता येत नाही. रविवारी चर्चनं टाळ्या वाजवल्या. चाळीनं रिवाजाप्रमाणे गळ्याला पांढरी पावडर फासून नाच केला. पाचव्या दिवशी बायको-मुलीला घरी आणून आणि पाण्याचं पिंप भरून ठेवून सहाव्या दिवशी हा तीन कळांचा धनी बस घेऊन निघाला. "आई येईपर्यंत सांभाळ," म्हणाला.

लेकीच्या बाळंतपणाला आईनं येऊन राहायचं, तिला शेकायचं, सुक्या मासळीचा तिखटजाळ रस्सा पाजायचा, ही आमची रीत. पण उलोमाची आई गावी पाय प्लास्टरात घालून बसलेली, ती महिनाअखेरीला येणार. तोवर खोलीत उलोमा, बाळ आणि ते खोटं.

उठायचं तिनं एक तंत्र बसवलं होतं. कुशीवर वळायचं, खिडकीचा गज धरायचा, पाय खाली सोडायचे, दात आवळायचे, मग उठायचं. तेवढ्यात बाळ रडून दमून झोपलेलं असायचं. मग तेच सगळं उलट्या क्रमानं. शिंक आली की उशी पोटाशी. हसू आलं तरी उशी. संध्याकाळी मी बोळात घरमालकाची नक्कल करायचो, चाळ खो खो हसायची, आणि ही बाई पडद्याआड उशी आवळून मला शिव्या द्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

आठव्या दिवशी पिंप संपलं. सुटलेली बाई एव्हाना नळावर दिसायलाच हवी. म्हणून ती बादली घेऊन मागच्या अंगणात रांगेत उभी राहिली.

"बघा गं, ओली बाळंतीण नळावर! तीन कळांचं काम हे," रांगेत पुढे उभी असलेली अमाराची आई म्हणाली.

उलोमा हसली, अर्धी बादली उचलली, खोलीत आली आणि पोटावरचं कापड सारून बघते तो पट्टीवर शेंगदाण्याएवढा लाल डाग. संध्याकाळी तो बोटभर झाला. डाग दिसला तर तसंच उठून या, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण नेणार कोण? आणि नेणाऱ्याला सांगायचं काय?

त्यात समोर एझिन्नेची आई राहते. ही पहाटे चवळीचे वडे तळून विकते आणि कढईतला वडा झाऱ्याशिवाय, बोटांनी उलटते. तिची एझिन्ने बाळंत झाली तेव्हा लेकीनं सासूला बोलावलं, हिला नाही. तेव्हाचा शेक तिच्या हातात तसाच राहिलेला. बाळंतिणीच्या पोटावर कढत टॉवेल ठेवून दोन्ही हातांनी दाबायचं म्हणजे आतलं वाईट रक्त निघून जातं, ही तिची विद्या. आयती बाळंतीण समोर असताना ती गप्प बसणार होय?

ती शेकायला आली त्या पहिल्या दिवशी उलोमा म्हणाली, "बाळ पितंय, आई." दुसऱ्या दिवशी, "आत्ताच डोळा लागलाय हो." तिसऱ्या दिवशी, "माझं मी शेकलं."

"तुझं तू? तुझी पाठ तरी तुला कधी खाजवता आलीय का गं?"

नवव्या दिवशी वडे संपल्यावर तिनं विचारलंच नाही. दार ढकललं. आधी वाफाळतं पातेलं आत आलं, मागून ती. पुढचं तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं होतो असंच वाटतं.

"उताणी हो. कापड सार."

"आई, आज नको."

"तुझी आई असती तर तिलाही नको म्हणाली असतीस?" तिनं टॉवेल पिळला. वाफ उलोमाच्या तोंडावर आली. उठून पळावं तर उठायलाच पाच पायऱ्या. एझिन्नेच्या आईनं कापडाला हात घातला तशी उलोमानं तिचं मनगट धरलं.

"दाबू नका. मला कापलंय."

म्हातारीनं कापड अलगद सारलं. पट्टी पाहिली, डाग पाहिला. टॉवेल पातेल्यात परत टाकला.

"काल बादली कुणी आणली?"

"मी."

म्हातारीचा हात उगारला गेला आणि तिच्याच मांडीवर आपटला. "मूर्ख पोरी! मी चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी. त्या परत दे आधी."

"कुणाला सांगू नका, आई. ह्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"त्याचं तोंड लागोसला आहे. पोट इथं आहे." ती दारात गेली, थांबली, वळली. "रिक्षा बोलवायला मी ओरडणार. कशाला म्हणून विचारतील. मी सांगू, का तू?"

उलोमानं गज धरला. कुशीवर वळली, पाय सोडले, दात आवळले, उभी राहिली. पडदा सारून बोळाला म्हणाली, "माझं सिझर झालंय. टाक्यांतून रक्त येतंय. मला दवाखान्यात न्या."

अमाराची आई म्हणाली, "अगं मग काल माझ्यामागे रांगेत कशाला उभी राहिलीस? बादली माझ्याकडे नसती का देता आली?" आणि चपला शोधायला पळाली.

एक टाका उसवला होता. नवी पट्टी बांधून, पंधरा दिवस पलंग सोडायचा नाही अशी ताकीद घेऊन उलोमा दुपारी परतली. एझिन्नेच्या आईनं बाळाला अंघोळ घातली, रस्सा चुलीवर ठेवला, मग वरची कडी लावली, वाकून खालचीही लावली आणि दाराला पाठ टेकून बसली.

"आई, निदान मागे अंगणात तरी जाऊन येते."

"कशाला? नळ बघायला?"

एवढ्यात अझुबुइकेचा फोन आला. उलोमानं सांगितलं, कळलं सगळ्यांना.

"चर्चमध्ये?"

"नाही. बोळात."

तो म्हणाला, "म्हणजे चर्चमध्येही."

उलोमाला हसू आलं. तिनं उशी ओढली.

"हसू नकोस!" एझिन्नेच्या आईनं दारातून दम दिला. "हसायचंही पंधरा दिवस बंद."