कान्ह्याच्या फाटकावर ऐकलेले शॉकअप

खट्!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मिशी नुकती फुटत होती. कान्हे गावच्या रेल्वे फाटकापाशी चहा पीत उभा होतो. एक मोटारसायकल रुळांवरून गेली आणि तिच्या आत कुणी हातोडी मारावी तसा आवाज आला. मी चहावाल्याला म्हटलं, "पुढच्या शॉकअपात तेल नाही."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं! पण गाडीवाला पुढे थांबला, आम्ही वाकून बघितलं, तर उजवी नळी ओलीचिंब. तेल गळून चाकावर उतरलं होतं. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो. खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

पुढे फाटकाशेजारीच पत्र्याचं गॅरेज टाकलं. काम एकच, मोटारसायकलचे शॉकअप. रुळांवर गाडी दोनदा वाजते, आधी पुढचं चाक, मग मागचं. धप्-धप् आलं की तब्येत बरी. खट् आलं की आपलं गिऱ्हाईक. असं बसून ऐकता ऐकता किस्से साठत जातात. जुन्या स्प्रिंगा भंगारवाला नेतो, किस्से कुणी नेत नाही!

पहाटेची पहिली गाडी बेडशाच्या दामूची असायची. दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन. त्याचं धप्-धप् ऐकून मी अंथरूण सोडायचो. वीस वर्षं तो जाता जाता "आबा, उठा!" म्हणून ओरडायचा. आता वर्ष झालं, तो माझ्याशी बोललेला नाही. ते शेवटी सांगतो. आधी हसायचं हसून घेऊ.

* * *

एक नवरा-बायको पुण्याहून लोणावळ्याला निघाले होते. नवरा म्हणाला, "काका, मागचे शॉकअप एकदम कडक करा. घाटात गाडी रस्त्याला चिकटली पाहिजे."

म्हटलं, "चिकटायला कडक नाही चालत."

तो हसला. शॉकअपला पाच खाचा असतात. कडी फिरवून वरच्या खाचेवर नेली की स्प्रिंग आणखी दाबली जाते. त्यानं हट्टानं शेवटच्या खाचेवर करून घेतली.

संध्याकाळी परत आला. एकटाच!

"सूनबाई कुठंयत?"

"खंडाळ्याहून एसटीनं निघाली. म्हणाली, गाडी वळणावर उड्या मारते, मी नाही बसत."

मी कडी दोन खाचा खाली आणली आणि त्याला समजावलं. शॉकअपचं काम नुसतं गाडी उचलून धरायचं नाही. चाक रस्त्याला टेकवून ठेवायचं. खड्डा आला की चाक खाली उतरलं पाहिजे, उंचवटा आला की वर आलं पाहिजे. तू स्प्रिंग इतकी दाबून ठेवलीस की चाकाला खाली उतरायला जागाच उरली नाही. मग ते रस्ता सोडतं.

त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "काका, हे जरा तिला सांगता का?"

* * *

माझ्याकडे मोजायची यंत्रं नाहीत. पुढच्या नळीला मी एक लाल दोरा बांधतो, घट्ट पण सरकेल असा. गाडी फाटक ओलांडून आली की दोरा वर सरकलेला असतो. जिथपर्यंत सरकला तिथपर्यंत शॉकअप दबला. पार वर गेला तर स्प्रिंग मऊ, जागचा हललाच नाही तर फार कडक. साधा हिशोब आहे.

पण लाल दोरा बघून लोकांना वेगळंच वाटलं. कामशेतचा एक जण नवी कोरी गाडी, नारळ आणि पेढे घेऊन आला.

"आबा, दोरा बांधा."

"अरे, तो मापाचा दोरा आहे."

"व्हय की! मापातच बांधा."

शेजारी यासीनचं वेल्डिंगचं दुकान. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा वर केला. "आबा, एक गाठ माझीबी मारा त्येला. म्हंजी दोन्हीकडनं बंदोबस्त!"

आणि खरंच, त्या माणसानं दोन्ही गाठी मारून घेतल्या. एक माझी, एक यासीनची. पेढे आम्ही दोघांनी खाल्ले. तेव्हापासून मी वाद घालणं सोडलं. दोरा मागायला आला की बांधतो, पण त्या निमित्तानं त्याचे शॉकअप बघून घेतो. लोक म्हणतात, आबाच्या दोऱ्याला गुण आहे. आहेच!

* * *

तळेगावच्या एका कंपनीतला इंजिनिअर आला. गाडीला वायरी, पिशवीत लॅपटॉप. शॉकअपचा अभ्यास करत होता. भला माणूस. मला म्हणाला, "आबा, तुम्ही नुसतं ऐकून सांगता म्हणे?"

मी फाटकाकडे पाठ करून बसलो. चार गाड्या गेल्या. मी एकेक सांगितलं, तो धावत जाऊन बघून आला. चारही बरोबर! तो वहीत लिहायला लागला. माझी छाती जरा फुगली.

मग तो स्वतःची गाडी घेऊन फाटकावरून आला. मी डोळे मिटून सांगितलं, "मागचा डावा शॉकअप. आतलं रबर गेलंय."

खोलला. रबर नव्यासारखं. उजवा खोलला. तोही ठणठणीत. दोन्ही परत बसवले, तो पुन्हा फाटकावरून गेला. खट्!

यासीन उठला, गाडीच्या बाजूच्या पिशवीत हात घातला आणि स्टीलचा डबा बाहेर काढला. हलवला. आत चमचा!

इंजिनिअरनं वहीत तेही लिहिलं. आणि यासीन अजून, कुठलीही गाडी वाजली की विचारतो, "आबा, शॉकअप का डबा?"

* * *

आता दामूचं.

दामूच्या गाडीला भरल्या कॅनांचं वजन सोसेना म्हणून तिचे मागचे शॉकअप मीच शेवटच्या खाचेवर केले होते. रोज पहाटे ऐकायचो, धप्-धप्. मी खूश. तोही खूश.

गेल्या वर्षी दुपारी दूध घालून परत जाताना बेडशाच्या अलीकडच्या वळणावर मागचं चाक उडालं आणि दामू पडला. गुडघा मोडला. पडला तेव्हा कॅन रिकामे होते.

ते ऐकताच मला कळलं. रोजची निम्मी वाट तो रिकामा जात होता, आणि ती गाडी मी कधी ऐकलीच नव्हती. दुपारी तो परतायचा तेव्हा मी जेवून पत्र्याखाली आडवा झालेलो असायचो. जे त्या पुण्याच्या पोराला शहाणपणानं सांगितलं, तेच मी दामूच्या गाडीत करून ठेवलं होतं.

मी त्याच्या घरी गेलो. खाटेशेजारी बसून म्हटलं, "दामू, चूक माझी आहे."

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ईस वर्सं तुमच्या कानावर गाडी चालवली आबा." मी उठून आलो.

दूध थांबून चालणार नव्हतं. महिन्याभरानं त्याची बायको सुनंदा गाडी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. साडीवर दामूचा शर्ट.

"आबा, मला चालवायची हाय. पडायचं न्हाई."

"पाय पुरतात का?"

"न्हाई पुरत. करा कायतरी."

पंधरा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. तिला भरले कॅन घेऊन फाटकावरून पाठवायचो, मग रिकामे घेऊन. दर वेळी पुढे दोरा बघायचा, मागे कान द्यायचा. शेवटी स्प्रिंगा बदलल्या, सीट खाली घेतली आणि तिला पाना फिरवायला शिकवलं. भरली तर चौथी खाच, रिकामी तर दुसरी. दूध घालून झालं की आधी कडी खाली, मगच किक.

"रोज?"

"रोज. पाऊस असला तरी."

"घरचे म्हंत्यात, लय भानगड हाय ही."

"घरचे म्हणजे कोण?"

ती हसली. "दुसरं कोन?"

मी दुपारचं आडवं होणं सोडलं. रोज साडेबाराला तिची रिकामी गाडी ऐकतो. धप्-धप्. मगच जेवतो.

परवा साडेबाराला गाडी रूळ न ओलांडता अलीकडेच, माझ्या दारात थांबली. सुनंदाच्या मागे दामू बसला होता, हातात काठी. यासीननं मशीन बंद केलं.

दामू हळूहळू उतरला. सीटवर तळहात ठेवून गाडी तीनदा दाबली आणि कान देऊन ऐकलं. वाकून मागची कडी बघितली. दुसऱ्या खाचेवर होती. मग पुढे गेला. नळीवरचा दोरा झिजून तुटायला आला होता. तो त्यानं काढला.

मी जागचा हललो नाही.

तो आत आला. खिळ्याला अडकवलेल्या लाल दोऱ्याचं रीळ काढलं, दातानं वीतभर तोडलं. बाहेर जाऊन, दुखरा पाय लांब सोडून, गाडीशेजारी खाली बसला. नळीला गाठ मारली. घट्ट, पण सरकेल अशी. अंगठ्यानं दोरा खाली ढकलून नीट बसवला.

सुनंदा म्हणाली, "बसा आता."

त्यानं नाही म्हणून मान हलवली, रिकाम्या गाडीकडे आणि मग रुळांकडे बोट दाखवलं, काठी घेतली आणि फाटक ओलांडून चालत निघून गेला.