नानांची बॅग, आत्याचा कोट

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचं बी-बियाण्याचं दुकान होतं. एका हंगामात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका कंपनीचं कपाशीचं बियाणं इतकं खपवलं की कंपनीनं खूश होऊन त्यांना चार माणसांची दिल्ली-आग्र्याची सहल दिली. तीही औरंगाबादहून विमानानं. आमच्या घरातल्या सगळ्यांनी तोवर विमान फक्त खालून, मान वर करून बघितलं होतं.

मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आई-नाना दोघं, मी तिसरी. चौथं तिकीट खरं तर थोरल्या बहिणीचं, पण ती धावड्याला सासरी, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. म्हणून ते आत्याला मिळालं. आत्या नानांची मोठी बहीण. मागच्या गल्लीत एकटी राहायची, दोन म्हशी पाळायची आणि नानांना भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर 'येड्या' म्हणायची. तो अधिकार गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

कंपनीचा माणूस येऊन सगळं समजावून गेला. मोठं सामान काउंटरवर द्यायचं, ते विमानाच्या पोटात जातं. हातात फक्त एक छोटी बॅग न्यायची, माणशी सात किलो, त्याहून जास्त चालणार नाही.

"पोटात म्हंजे?" नानांनी विचारलं.

"खाली जागा असते, तिथं. दिल्लीला उतरलं की परत मिळतं."

नाना हसले. ते कशाला हसले ते आम्हाला ठाऊक होतं. पूर्वी एकदा त्यांची वळकटी एसटीच्या टपावर राहिली आणि बीडला निघून गेली. ते अंबडला उतरून टपाकडे हात करत धावले होते. वळकटी परत आलीच नाही. त्या दिवसापासून, सामान डोळ्यांपुढं नसेल तर ते गेलंच, असा त्यांचा हिशेब होता.

"पोटात काय बी द्यायचं न्हाई," माणूस गेल्यावर त्यांनी जाहीर केलं. "चार माणसं, चार हातातल्या बॅगा. चार दिवसांचा तर सवाल हाय."

"दिल्लीत थंडी हाय म्हणत्यात," आई म्हणाली. "स्वेटरं, शाली... चौघांचं कसं बसायचं?"

"बसवायचं."

नानांनी बियाण्याचा एक रिकामा खोका घेतला, कंपनीच्या माणसानं सांगितलेली मापं पट्टीनं आखली आणि ब्लेडनं खोक्याला एक चौकोनी भोक पाडलं. या भोकातून जी बॅग पार होईल ती विमानात जाणार. घरातल्या सगळ्या बॅगा ओळीत मांडल्या गेल्या. नानांची सुटकेस भोकाच्या जवळपासही जाईना. आईची रेक्झिनची बॅग गेली, पण तिची चेन लग्नानंतर दोनच वर्षांनी अडकली होती ती अजून तशीच. माझी कॉलेजची सॅक गेली, पण नानांना ती 'विमानाला शोभत नाही' असं वाटलं. आत्यानं तिची वायरची पिशवी पुढं केली. ती भोकातून सुर्रकन गेली, पण तिला झाकणच नव्हतं.

मग आम्ही जालन्याला बॅगा घ्यायला गेलो. नानांनी सोबत पट्टी घेतली आणि दुकानातला हातानं धरायचा स्प्रिंगचा काटाही घेतला.

बॅगांचं दुकान एका मारवाडी शेठजींचं होतं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठजी मात्र आमच्यासारखंच बोलायचे. त्यांनी आधी चाकांच्या बॅगा काढल्या. नानांनी काटा काढून पहिली बॅग हुकाला लटकवली, तेव्हा शेठजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"काय करून राह्यले पाटील? बॅग किलोवर विकत न्हाई मी."

"तीन किलो!" नाना ओरडले. "रिकामीच तीन किलो. सातातनं तीन गेले. चाकं न्यायला चाललोय का मी दिल्लीला?"

"मंग कापडी घ्या. हलकी हाय. पण खांदा दुखतो."

"खांदा आपलाच हाय."

नानांच्या बोलण्यात मुद्दा होता, हे मला तेव्हाही पटलं. आजही बॅग घेताना मी पहिल्यांदा ती रिकामी उचलून बघते. पण आत्याला मुद्द्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं एक लालभडक चाकांची बॅग धरली, दांडा खाली-वर केला आणि ती ओढत दुकानाबाहेर पडली. रस्त्यावरून हातगाड्यांच्या मधून पानाच्या टपरीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी म्हैस व्यायल्यावरच पाहिलं होतं.

"ही माझी," ती म्हणाली.

"अक्का, तीन किलो हाय ती!"

"आयुष्यात पहिल्यांदा सामान उचलावं न लागता माझ्या मागं मागं चालत येऊन राह्यलंय. ही माझी."

तीन कापडी आणि एक लाल, अशा चार बॅगा घेऊन आम्ही घरी आलो.

बांधाबांध सुरू झाली. नाना प्रत्येक बॅग दुकानातल्या काट्यावर ठेवायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे आणि काहीतरी बाहेर काढायला लावायचे. आईच्या बॅगेतून दोन साड्या निघाल्या, माझ्या बॅगेतून एक पुस्तक आणि जास्तीचे बूट. आत्याच्या बॅगेत चारच किलोंची जागा उरली होती. तिच्या चार दिवसांच्या लुगड्यांतच ती संपली. तिनं धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि यंदाच्या आंब्याच्या लोणच्याची बरणी पुढं केली तर नानांनी हात आडवा केला.

"खायला कंपनी देणार हाय. आणि लोणचं तर बिलकुल न्हाई. तेल सांडलं तर?"

आत्या गप्प बसली. ती गप्प बसली की तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे मला कळायचं आणि गुदगुल्या व्हायच्या. ती मला मागच्या गल्लीत तिच्या घरी घेऊन गेली आणि दार लावून तिनं विचारलं, "पोरी, तिथं माणसाचं वजन करत्यात का गं?"

"नाही. फक्त बॅगेचं."

"मंग झालं."

तिनं नानांचा एक जुना लोकरी कोट मिळवला होता. त्याच्या आतल्या बाजूला खिसे शिवायला कापड हवं होतं, आणि आमच्याकडे कापड म्हणजे कंपनीकडून आलेल्या बियाण्याच्या न वापरलेल्या कापडी पिशव्या. दोन संध्याकाळी बसून आम्ही आठ खिसे शिवले. पिशव्यांवर छापलेल्या मजकुराकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. आत्याला वाचता येत नव्हतं आणि मी ते रोजच बघत असल्यानं मला ते दिसतच नव्हतं.

उरली बरणी. ती कोटात मावेना.

"नानाची बॅग कोण उघडणार?" आत्या म्हणाली.

खरं होतं. नानांनी त्यांची बॅग सगळ्यांत आधी भरली होती, बरोबर सात किलो, आणि चेनला सुतळी बांधली होती. तिच्यात तळाशी एक जाड सोलापुरी चादर होती. हॉटेलातल्या पांघरुणावर त्यांचा विश्वास नव्हता. ते जेवायला बसले तेव्हा मी सुतळी सोडली, चादर काढली आणि त्या जागी बरणी दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवली. काट्यावर बॅग पाव किलोनं हलकी भरली. आत्यानं लगेच पाव किलो शेंगदाणे आणून दिले. काटा बरोबर सातावर थांबला. मी सुतळीला नानांच्या पद्धतीची गाठ मारली. चादर गव्हाच्या कोठीवर ठेवून दिली.

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर आत्या तो कोट घालून शिरली तेव्हा ती जरा जास्तच रुंद दिसत होती. "थंडी हाय," ती येईल त्याला सांगत होती. आमच्यासारखीच सहल मिळालेले भोकरदन, अंबड, परतूर अशा सगळीकडचे दुकानदार सोबत होते आणि सगळे कडक इस्त्रीत. बॅगांना कागदी चिठ्ठ्या लागल्या. नानांनी काउंटरवरच्या पोराला मुद्दाम विचारलं, "वजन करायचं न्हाई का?" त्यानं नुसत्या नजरेनं बघून मान हलवली. नाना हिरमुसले.

बायकांची तपासणी पडद्याआड होती. आत्याच्या अंगावरून यंत्र फिरवताच ते किंचाळलं. तपासणीवाली बाई तरुण होती, उत्तरेकडची, कडक चेहऱ्याची. आत्याला हिंदी येत नाही म्हणून मला आत बोलावलं.

आधी कनवटीला लावलेली पान-सुपारीची चंची निघाली आणि तिच्यातून अडकित्ता. मग बाईंनी कोट उघडला आणि त्या एक पाऊल मागं सरकल्या. कोटाच्या आत आठ खिसे, आणि आठही खिशांवर लाल रंगात कवटी, दोन हाडं आणि खाली तीन भाषांत छापलेलं – 'विष. खाण्यास योग्य नाही.'

बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून पिशवीवर तसं छापतात. हे मी हिंदीत समजावू लागले, पण घाबरल्यावर माझी हिंदी बारावीच्या परीक्षेत अडखळावी तशी अडखळू लागली.

"इसमें ज़हर है?" बाईंनी विचारलं.

आत्याला तो शब्द कळला. जालना जिल्ह्यात जहर कुणाला कळत नाही! "जहर? न्हाई बाई, धपाटी हायत," ती म्हणाली. तिनं कवटीवाल्या खिशातून एक धपाटं काढलं, अर्धं मोडून तोंडात टाकलं आणि उरलेलं बाईंपुढं धरलं. "खा. ताजं हाय, पहाटेचं."

बाईंनी खाल्लं नाही. पण आधी त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि मग त्या पडद्याकडे तोंड करून हसत सुटल्या. त्यांनी दुसरीला बोलावलं. दोघींनी आठही खिसे बघितले, धपाटी मोजून परत ठेवली आणि सांगितलं, अडकित्ता मात्र हातात नेता येणार नाही. मोठ्या सामानात टाका, नाही तर इथंच सोडा.

आम्ही बाहेर आलो तर पलीकडे नाना उभे होते, त्यांची बॅग टेबलावर आणि समोर एक जवान.

"बैग आपका है?"

"हां जी," नाना ताठ उभे राहून म्हणाले. "बराबर सात किलो. खुद बांध्या है."

"अंदर क्या है?"

नानांनी बोटांवर मोजून सांगितलं. दोन पॅंट, तीन सदरे, दोन स्वेटर, दाढीचं सामान. "और नीचे एक चद्दर है."

जवानानं सुतळी कापली, स्वेटर बाजूला केले आणि बरणी वर उचलली. आतलं तेल हळूच एका बाजूला कललं. "ये चद्दर है?"

नानांनी बरणीकडे बघितलं, बॅगेत हात घालून तळ चाचपला, मग आईकडे बघितलं. आई खरोखर निरागस होती, त्यामुळे ती जास्तच संशयित दिसू लागली. आत्या छताकडे बघत होती. मी बुटाची नाडी बांधत होते. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

लोणच्याचंही तेच उत्तर मिळालं, हातात नाही. कंपनीच्या माणसानं धावपळ करून आम्हाला पुन्हा काउंटरवर नेलं. एक बॅग पोटात द्यावीच लागणार होती. आत्यानं तिची लाल बॅग पुढं केली. अडकित्ता लुगड्यात गुंडाळला, बरणी नानांच्या स्वेटरात. नानांनी बॅगेचा दांडा शेवटपर्यंत सोडला नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, सोडा." मग त्यांनी सोडला. बॅग रबरी पट्ट्यांच्या आड गेली तरी ते तिथंच उभे राहिले.

विमानात खिडकी आत्याला मिळाली. वर गेल्यावर ती बराच वेळ खाली बघत होती आणि एवढंच म्हणाली, "बांध दिसून राह्यलेत गं. सगळ्यांच्या शेताचे बांध." नाना मात्र जाणाऱ्या-येणाऱ्या हवाई सुंदरीकडे लाल बॅगेची चौकशी करत होते. तिसऱ्या वेळी ती बिचारी म्हणाली, "चढली सर, मी स्वतः बघितली." ती खोटं बोलत होती हे सगळ्यांना कळलं, नानांनाही, पण त्यांना बरं वाटलं.

दिल्लीला पट्ट्यावरून बॅग आली. मी उचलायला गेले तर नानांनी मला अडवलं. "थांब. जाऊ दे." बॅग पुढून गेली, भिंतीच्या भोकात शिरली, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या भोकातून परत आली. त्यांनी ती आणखी एकदा जाऊ दिली. परतूरचे दुकानदार त्यांच्या शेजारी उभे राहून बघू लागले. शेवटी आईनंच जाऊन ती उचलली.

दुसऱ्या दिवशी आग्र्याच्या वाटेवर धुकं इतकं होतं की बस बैलगाडीच्या चालीनं चालली होती. काचेच्या फटीतून वारा येत होता. नानांनी दोन्ही स्वेटर घातले होते आणि वरून आईची शाल. ते माझ्याशी बोलत नव्हते. दुपारी ढाब्यावर उतरलो. डाळ गोडसर, भाजी पनीरची. सगळे दुकानदार नुसत्या रोट्या कुरतडत बसले. आत्यानं बरणी टेबलावर ठेवली. पाच मिनिटांत आमच्या टेबलाभोवती सगळी बस जमा झाली. "कुणाच्या घरचं हो?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या," नाना म्हणाले आणि स्वतः चमच्यानं वाढू लागले.

गर्दी पांगल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. "चादर कुठंय?"

"घरी. गव्हाच्या कोठीवर."

"तू काढली?"

"मी आणि आत्यानं."

ते अंगावरची शाल सारखी करू लागले. मग म्हणाले, "आणि वजन?"

"पाव किलो कमी पडत होतं. शेंगदाण्यानं भरून काढलं."

"बराबर सात?"

"बराबर."

त्यांनी मान हलवली, जशी ते चांगल्या उगवणीचं बियाणं तळहातावर घेऊन हलवायचे तशी. मग लोणच्याची एक फोड माझ्या ताटात टाकली आणि भोकरदनच्या दुकानदाराकडे वळून पुढच्या हंगामात कोणतं वाण चालणार ते विचारू लागले.