घोडकाठी नेलेला कोरा चहा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी वासाची जाणीव गेली आणि ती परत आली नाही. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. माझा व्यवसाय चहाच्या परीक्षेचा होता. पुण्यातल्या एका मध्यम कंपनीत चहाचे नमुने चाखून माल ठेवावा की परत पाठवावा, हे मी ठरवत असे. आपण जिला चव म्हणतो, ती बहुतेक नाकानेच घेतलेली असते. जिभेच्या वाट्याला कडू, गोड, तुरट एवढेच येते. तेवढ्या भांडवलावर मी निवृत्त होईपर्यंत निर्णय देत राहिलो. पानाचा रंग पाहायचा, अर्काची तकाकी पाहायची, तोंडात चूळ खेळवून गंभीर चेहरा करायचा. त्या चेहऱ्यावर कोणी शंका घेतली नाही.

वसंता माझा कॉलेजातला मित्र, मूळचा इनामगावचा. त्याचे शिरूरला चहापत्तीचे दुकान होते. जवळच्या एमआयडीसीत यंत्रे बसवायला चिनी तंत्रज्ञ आले, तेव्हा त्यांच्या गेस्ट हाउसला त्यांचा काळा चहा पुरवण्याचे काम त्याला मिळाले. हा चहा दक्षिण चीनमधला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला, अतिशय कडक. माल आमच्या कंपनीमार्फत येई आणि माझ्या परीक्षेतून जाई. पहिली खेप उत्तम होती. दुसरी खेप बुरशी धरलेली होती, आणि ती मी पास केली. गेस्ट हाउसने पेट्या परत केल्यावर वसंताचा फोन आला. "श्रीकांत, माल कुबट मारतोय म्हणत्यात रं." मी शांतपणे म्हणालो, "माझ्याकडून निघाला तेव्हा चांगला होता. तुझ्या गोदामात ओल लागली असेल."

गोदाम इनामगावला होते आणि ते त्याचा धाकटा भाऊ ज्ञानबा सांभाळत असे. वसंताने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. भांडण झाले, ज्ञानबा बायकामुलांना घेऊन कासुर्डीकडे सासुरवाडीला निघून गेला, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. आईच्या वर्षश्राद्धालाही ते वेगवेगळ्या वेळी येऊन गेले, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळले.

गेल्या माघात मी त्याच चहाचा एक नवा डबा मागवला, झाकणाचा पांढरा पेला आणि छोटी किटली पिशवीत घातली आणि सोलापूर रस्त्याच्या एसटीत बसलो. आधी ज्ञानबा, मग वसंता, असा क्रम ठरवला होता. लोणी, उरुळी मागे पडले. दोन्हीकडे ऊस, मधूनमधून गुऱ्हाळांची धुराडी. कासुर्डी आल्यावर वाहकाने आवाज दिला. माझ्याकडे पाहूनही दिला. मी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि उठलो नाही. गाडी सुटली, तेव्हा मला बरे वाटले. हे लिहितानाही त्या बरे वाटण्याची लाज वाटते.

असा मी यवतला उतरलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात उकळते पाणी मागितले, तर मालक गल्ल्यावरून म्हणाला, "दूध नको, साखर नको, पत्ती तुमचीच. मंग आम्ही काय नुसता जाळ विकायचा व्हय?" तरी त्याने पाणी दिले. मी पेला गरम करून घेतला, पत्ती टाकली, पाणी ओतून झाकण ठेवले आणि थोड्या वेळाने अर्क गाळला. रंग तांबूस काळा उतरला. माझ्या जिभेला एक तुरट कडा जाणवली. बाकी गरम पाणी.

शेजारच्या बाकावरचे एक पटकेवाले आबा हे सगळे निरखत होते. मी त्यांच्यापुढे पेला सरकवला. "आबा, जरा सांगता का, कसा लागतो?"

त्यांनी बशीत ओतून फुरका मारला आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले. "हुरड्याच्या आगटीत (कणसे भाजण्याच्या खड्ड्यात) पाणी वतल्यावानी लागतंय."

"आबा, आगटीतलं पाणी तुम्ही कवा पिलं?" मालकाने विचारले.

"तुझ्या हाटेलात रोज पितोय की."

हॉटेल हसले. मीही हसलो. पण आबांनी दुसरा फुरका मारल्यावर म्हटले, "वंगाळ न्हाई, बरं का. पयल्यांदा दचकाय हुतं, मंग घशात गोडवा ऱ्हातोय." एखादा तरबेज परीक्षक याहून फारसे वेगळे लिहिणार नाही. वास घ्यायला नाकच लागते, विद्वत्ता नव्हे. माझ्या खोलीबाहेर बसणाऱ्या शिपायाला नुसते विचारले असते, तरी ती दुसरी खेप अडली असती. मी विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे कबूल करणे होते.

सहा आसनी रिक्षाने मी उलटा कासुर्डीला आलो. ज्ञानबा आता काम पाहत होता ते गुऱ्हाळ रस्त्यापासून आत होते. चरक घरघरत होता, चिपाडाचा (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा) डोंगर उन्हात वाळत पडला होता आणि मोठ्या काहिलीत रस उकळून फसफसत होता. बिहारकडचे कामगार खालच्या चुलवाणात, म्हणजे भट्टीत, चिपाड सारत होते. ज्ञानबा काहिलीपाशी लांब दांड्याचा झारा घेऊन उभा होता. माझी त्याची ओळख वसंताच्या लग्नापासूनची. केस पांढरे झाले होते, पण धावत आला तो पूर्वीसारखाच.

"सर! तुम्ही हिकडं कुठं वाट चुकला? बसा, बसा. ए रामू, साबको कुर्सी दे."

नाही म्हणण्याआधी त्याने उसाच्या पानावर कढत गूळ आणून माझ्या हातात ठेवला. "पयल्या धारेचा हाय. रंग सोडा, वास बघा आधी. कसा हाय?"

ज्या माणसाची क्षमा मागायला आलो होतो, त्यानेच मला नेमका तो प्रश्न विचारला होता. मी पान नाकाशी नेले. काहीच नव्हते. गूळ नाही, धूर नाही, हिरवे पानही नाही.

"उत्तम," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही म्हणला म्हंजी झालं."

मी चहा केला. पत्ती जरा जास्तच पडली. एका कामगाराने पेल्यात वाकून पाहिले, "भैया, ये दवाई है क्या?" ज्ञानबाने पेला नाकापाशी नेला आणि तो थबकला. चव न घेताच म्हणाला, "हाच. पयल्या खेपेला असाच वास हुता, सर. आमच्या चुलवाणाचा वास येतो ना, तसा. दुसऱ्या खेपेच्या पेट्या फोडल्या, तवा भिजल्या गोणपाटाचा आला. मला वाटलं, असंल बाबा, सरांनी बघितलाय."

"दादाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हणलं, माल येतानाच तसा हाय. दादा म्हणला, सर खोटं बोलतील का तू?" तो झाऱ्याने रसावरची मळी काढत राहिला. "आता तर मलाच वाटतं, माझ्याच हातनं झालं असंल. त्या पावसात एका रात्री शटर लावलं का न्हाई, लई आठवून बघितलं. कधी वाटतं लावलं, कधी वाटतं उघडंच ऱ्हायलं. बायको म्हणती, सोडा आता. सुटत न्हाई."

माझ्या एका वाक्याने त्याचा भाऊ गेला, एवढेच मला ठाऊक होते. त्याचा स्वतःच्या स्मरणावरचा विश्वासही गेला, हे तिथे कळले. बोलण्याची वेळ हीच होती. काहील उतरवण्याची घाई सुरू झाली, माणसे दोन्ही बाजूंनी ओढू लागली, ज्ञानबा ओरडून सूचना देऊ लागला, आणि मी त्या गोंधळाआड उठलो. जाताना त्याने माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला, आणि गुळाची ढेप पिशवीत कोंबली. "दादाकडं जाणार असाल, तर माझं नाव काढू नका. उगं त्याचं डोकं फिरंल."

चौफुल्याहून न्हावऱ्याची गाडी मिळाली. केडगाव ओलांडले, पारगावला भीमेचा पूल आला. नदी जलपर्णीने हिरवीगार झाकलेली, खाली पाणी काळे. गाडीतल्या सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. "पुण्याची घाण आमच्या गळ्यात," कोणीतरी म्हणाले. मीही रुमाल लावला. शेजारची बाई सहानुभूतीने माझ्याकडे पाहत होती. मग मला जाणवले की, पूल संपून बराच वेळ झाला होता आणि इतरांनी रुमाल केव्हाच काढले होते. इतका काळ मी हेच करत आलो होतो: दुसऱ्यांकडे पाहून नाक धरणे. फक्त सोडायचे केव्हा, ते कोणी दाखवले नव्हते.

न्हावऱ्याहून एका दूधवाल्याने मोटारसायकलवर इनामगावपर्यंत सोडले. घोड नदीच्या काठची जुनी पांढर (प्राचीन वस्तीची टेकडी) लांबून दाखवून तो म्हणाला, "साहेब, तीन-साडेतीन हजार वर्सांमागची मान्सं तिथं ऱ्हायची म्हणं. घरातच पुरायची मयताला, जमिनीखाली. आन् पाय तोडून."

"पाय कशाला?"

"माघारी येऊ नये म्हणून. किंवा जाऊ नये म्हणून. मास्तर लोक दोन्ही सांगत्यात."

वसंता ओट्यावर बसला होता. शिरूरचे दुकान त्याने केव्हाच आवरले होते; आता कांदा आणि थोडा ऊस. मला पाहून तो उठला नाही, पण हसला. "ये. मेलोय का जिता हाय, बघाय आलास व्हय माझ्याकडं?" मी पिशवीतून डबा काढला. म्हटले, चहा मी करतो, कोरा.

सुमनवहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, दूध हाय की घरात. कोरा कशाला? आमच्यात कोरा चहा मयताच्या घरी करत्यात, चूल बंद असती तवा."

ही गोष्ट मला माहीत होती. आयुष्यभर चहा चाखलेल्या माणसाला, कोणाच्या दारात कोणता चहा न्यायचा नाही, एवढे भान राहिले नव्हते. मी डबा बंद करू लागलो.

"करू दे गं," वसंता म्हणाला. "मला भाऊ हुता, तो मेलाय. त्याचा कुठं पिलाय आपण अजून?"

वहिनी आत गेल्या आणि उकळते पाणी घेऊन आल्या. मी चहा ओतला. वसंताने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. चिडलेली नव्हती. हिशेब जुळवत असलेल्या माणसाची होती.

"हा पयल्या खेपेचा चहा हाय."

"हो."

"दुसरीला ह्याचा मागमूस नव्हता. ओल लागली, तरी धूर काय असा समदाच जातोय?" त्याने पेला खाली ठेवला. "श्रीकांत, तू तो पिला हुतास का नव्हतास?"

"प्यायलो होतो. मला वास येत नाही, वसंता. तेव्हाही येत नव्हता." माझ्या तोंडून ते इतके हळू निघाले की, वहिनींनी "काय?" म्हणून विचारले, आणि मला ते पुन्हा सांगावे लागले. मग गोदामाचेही सांगितले.

तो रागावेल, मारेल, अशी मी वाट पाहत होतो; त्याची मला गरज होती. तो नुसता अंगणाकडे पाहत बसला. वहिनी उंबऱ्यावरच खाली बसल्या. मग वसंता म्हणाला, "मला सांगून काय उपेग? मी तर त्याला घराभायेर काढून मोकळा झालो. माफी मागायची तर त्याची माग. लाव फोन. माझ्याकडं न्हाई त्याचा नंबर."

मी फोन लावला आणि त्याच्या सांगण्यावरून आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. पलीकडून चरकाची घरघर आली, मग ज्ञानबा.

"हां सर! पोचला का इनामगावला? दादा बरा हाय ना? माझं नाव न्हाई ना काढलं?"

भावाचा आवाज ऐकून वसंताने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याचे खांदे मला दिसत होते; तो पुढे होऊन बोलेल असे काही त्यांत दिसेना. आजवर मी जे जे बोललो, ते खालच्या आवाजात बोललो. चरकावरून ऐकू जावे म्हणून आता मला ओरडावे लागणार होते.

"ज्ञानबा," मी ओरडलो, "दादा शेजारीच बसला आहे, तोही ऐकतो आहे. तुझ्या गोदामात ओल नव्हती. शटर उघडे राहिले असते, तरी काही बिघडले नसते. माल बिघडलेलाच आला होता, आणि मला वास येत नव्हता. ते लपवायला मी तुझ्या गोदामाचे नाव घेतले. सकाळी तुझा गूळ हातात असतानाही मी तुझ्याशी खोटे बोललो. माझे चुकले, ज्ञानबा. मला माफ कर."