‘शे’ म्हणजे शंभर

माझी आई सटाण्याकडची. लग्न होऊन नाशिक रोडला आली तेव्हा तिच्या तोंडी अहिराणी होती. ती तिथून घालवण्याचं पुण्यकर्म मी केलं. सासरच्यांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, मीच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पाचवीत होते. पालकसभेत बाईंनी आईला विचारलं, “तुमची मुलगी कोणती?” आईने माझ्याकडे बोट करून मोठ्या कौतुकाने सांगितलं, “ती मन्ही आंडेर शे.” आंडेर म्हणजे मुलगी. वर्गाला त्यात फक्त अंडं ऐकू आलं. सातवी संपेपर्यंत माझं नाव ‘अंडं’ होतं. त्या दिवशी घरी येऊन मी आईवर तणतणले, “मन्ही नाही, माझी म्हण. शे नाही, आहे म्हण. जमत नसेल तर शाळेत येऊच नकोस.” मग हळूहळू आई ‘आहे’ म्हणायला लागली, दुसऱ्याच्या घरची कपबशी धरावी तसं जपून. मला वाटलं, सुधारली.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले, नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागले, आणि रिकाम्या वेळात मराठी शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात शब्दांची एक लांबलचक यादी होती. तुम्ही टाइप केलेला शब्द यादीत नसेल तर त्याच्याखाली तांबडी रेघ उमटायची. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा मी तो प्रोग्राम एका साइटवर ठेवला. जगभरचे लोक तिथे आपापले प्रोग्राम उघड्यावर ठेवत. कुणीही यावं, दुरुस्ती करून पाठवावी, मालकाने ती घ्यावी किंवा नाकारावी. काय झालं ते नावानिशी तिथे कायम दिसत राही. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं. इथे मी मालकीण होते. दुरुस्ती नाकारायला मला फार आवडायचं, हे कबूल करते.

एकदा एक दुरुस्ती आली. पाठवणारा बागलाणातला, म्हणजे आईच्या सटाण्याकडचाच, शाळामास्तर. एकच शब्द होता, ‘शे’, आणि खाली ओळ: “सर, हा शब्द यादीत घ्यावा.” मी तिथे नुसतं आडनाव लावलं होतं; मालक म्हणजे पुरुषच, असं त्याने धरलेलं. मी उत्तर लिहिलं, “शे म्हणजे शंभर. शे-दीडशेमधला. आधीच यादीत आहे.”

त्याला काय म्हणायचं होतं ते मला चांगलं कळलं होतं. मी वेड पांघरलं.

आठवड्याने त्याने साठेक शब्द पाठवले. मन्हा, मन्ही, तुन्हा, आठे, तठे, बठा. शेवटून तिसरा शब्द ‘आंडेर’. तो पाहून माझे कान तापले. मी एका ओळीत निकाल लावला, “प्रमाण मराठी नाही. नाकारले.”

मास्तर भांडला नाही. त्या साइटवर कुणाचाही प्रोग्राम जसाच्या तसा उचलून आपला वेगळा संसार थाटता येतो. त्याने माझी यादी घेतली, त्यात आपले शब्द घातले आणि वेगळी चूल मांडली. वर माझे आभारही मानले. मला राग आला. राग कशाचा, ते मात्र सांगता येईना.

एका रविवारी सकाळी मी त्याची यादी उघडून बसले होते. काही शब्दांपुढे त्याने प्रश्नचिन्हं टाकली होती, कुणाला नक्की ठाऊक असेल तर कळवा म्हणून. आई मेथीची जुडी घेऊन शेजारी आली आणि निवडता निवडता थांबली. पडद्यावरचे शब्द ती ओठांतल्या ओठांत वाचायला लागली.

“हे कुणी लिहिलं?”

“सटाण्याकडचे एक मास्तर आहेत.”

तिने आणखी बघू म्हटलं. मी मागे मागे जात राहिले आणि माझ्याच पानावर, नको तिथे पोहोचले. साठ शब्द, खाली माझं नाव, खाली ‘नाकारले’. आता ते कशाने पुसणार?

आईने ते वाचलं. मग मेथीची काडी मोडत म्हणाली, “बरोबरच लिहिलंयस तू. असं बोलत नाहीत.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला ते मनापासून पटलेलं होतं, आणि ते पटवणारी मी होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, “या प्रश्नचिन्हांचं सांगतेस का?” आधी ती नाही म्हणाली. मग एक सांगितला, मग दुसरा. दुपारपर्यंत चाळीस शब्द झाले, पण सगळे “तिकडे असं म्हणतात” या चालीवर. तिकडे, जणू ती तिथली नव्हतीच. मी ते मास्तरांच्या यादीकडे पाठवले. आता ते मालक, मी दारात.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मी ते आईला वाचून दाखवलं: “सर, बठा शब्द लिधात. तुमले कोनी सांगं?” सगळे शब्द घेतले, तुम्हाला कुणी सांगितले? माझे उच्चार ऐकून आई पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी वर्षांनी ती अशी हसली.

“काय लिहू?” माझ्याच प्रोग्राममध्ये उत्तर लिहायला घेत मी विचारलं.

“लिही, माझ्या आईने.”

“त्यांच्या बोलीत सांग ना.”

आईने खुर्ची पडद्याजवळ ओढली. “मन्ही मायनी,” ती म्हणाली.

मी घाईत ‘माझी’ टाइप केलं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. “माझी नाही. मन्ही.”

मी खोडलं आणि ‘मन्ही’ लिहिलं. शब्दाखाली लगेच तांबडी रेघ आली.

आईचं बोट तिथेच होतं. तिने ते मागे घेतलं आणि हळूच विचारलं, “चुकलं का गं माझं?”

मला रडू आलं. “तुझं नाही,” मी म्हटलं, “ही रेघ मी मारलेली आहे.”