नकाशात नसलेली विहीर

आधीच सांगून टाकते – मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई आहे. एखादा बग पुन्हा करून दाखवता आला नाही, तर तो मी रिपोर्टसुद्धा करत नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांपैकी मी. पण हे माझ्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर घडलं, नवरा शेजारी बसलेला असताना... म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही जपानमध्ये, टोकियोशेजारच्या कावासाकीला राहतो. नान्बु रेल्वे लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनपासून चालत सात मिनिटं, पाचवा मजला. यंदा फेब्रुवारीत माझे वडील, आप्पा, साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. वय बहात्तर, टपाल खात्यातून रिटायर, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारा माणूस. परदेशी येण्याची ही पहिलीच वेळ. इंग्रजी पत्ते वाचण्यापुरतं.

एप्रिलअखेरीस इथे गोल्डन वीकची सलग सुट्टी असते, तेव्हा आम्ही तिघं स्कॉटलंडच्या ॲरन बेटावर पायी फिरायला जाणार होतो. गर्दीच्या जागा नकोत, नुसतं चालायचं – हा आप्पांचा हट्ट. मॉराग नावाच्या एका बाईंच्या गेस्टहाउसमध्ये खोल्या बुक केल्या होत्या.

मार्चमधला रविवार, संध्याकाळचे सहा. माझा नवरा अनिरुद्ध कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन बेटाच्या नकाशाचे मोठे प्रिंट काढून आला. टेबलावर ते पसरून आम्ही रोज किती चालायचं ते ठरवत होतो. आप्पा पोह्याची बशी घेऊन बसले होते. मध्येच ते थांबले.

"कुत्रं केव्हाचं ओरडतंय गं. कुणाचं आहे?"

"आप्पा, या बिल्डिंगमध्ये कुत्री पाळायला परवानगी नाही."

अनिरुद्धने बाल्कनीचं दार उघडून पाहिलं. खाली शांत. आप्पा नकाशाकडे बघत होते. मग त्यांनी बशी बाजूला सारली आणि तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर बोट ठेवलं.

"अनिरुद्धराव, इथून डावीकडे जाऊ नका. दगडी गडगा संपतो तिथे लोखंडी फाटक आहे. फाटकापुढे वीस पावलांवर विहीर. वरून फळ्या टाकल्यात, पण कुजल्यात. गवतात दिसायची नाही."

आवाज अगदी नेहमीचा. 'वाण्याच्या पलीकडच्या गल्लीत वळ' म्हणावं तसा.

"आप्पा, नकाशात विहीर नाहीये," अनिरुद्ध म्हणाला.

"कसली विहीर?" आप्पांनी विचारलं. आणि बशी पुढे ओढून पोहे खायला लागले.

मला वाटलं थट्टा करतायत. पण आप्पा थट्टा करणाऱ्यांतले नाहीत. मला भीती वाटली ती वेगळ्याच कारणाने – विसरायला लागले की काय? वयाचं काहीतरी सुरू झालं की काय?

मॉरागबाईंना शाकाहारी जेवणाबद्दल ईमेल पाठवायचा होताच. अनिरुद्ध म्हणाला, "विचारून तर बघ विहिरीचं." मी म्हटलं, वेड्यात काढतील. तरी शेवटी एक ओळ टाकली – तिसऱ्या दिवशीच्या वाटेवर, फाटकाच्या पुढे डावीकडे जुनी विहीर आहे का? वडील थोडे काळजीत आहेत. ती ओळ मी दोनदा खोडली. तिसऱ्यांदा ठेवली आणि ईमेल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी रात्रीची भांडी घासत होते, तर फोन वाजला. स्कॉटलंडचा नंबर. मॉरागबाईच. पण त्यांना धड बोलता येत नव्हतं. रडत होत्या, धापा टाकत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्यापैकी कोण इथे येऊन गेलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"खरं सांगा!"

त्यांची कुत्री टेस शुक्रवारपासून हरवली होती. अख्खं गाव शोधत होतं. सोमवारी सकाळी माझा ईमेल वाचला तेव्हा त्या चिडल्या होत्या – कारण त्यांच्या माहितीत असली काही विहीर तिथे नव्हती. मग शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन, काही सुचेनासं झालं म्हणून, गेल्या. गडगा. फाटक. पावलं मोजली. विसाव्या पावलाच्या आसपास वाळलेल्या गवतात काठी खाली गेली. कुजलेल्या फळ्या, मधोमध ताजं भगदाड... आणि खालून कण्हण्याचा आवाज.

विहीर कोरडी होती. टेस जिवंत होती. पुढचा पाय मोडलेला, पण जिवंत.

मी नळ बंद केला. अनिरुद्धने तो नकाशा पुन्हा उलगडला. आणि आप्पा... ते टीव्हीवर सुमो बघत होते. मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मी असं बोललो? मी?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा स्कॅन, स्मरणशक्तीच्या चाचण्या, सगळं झालं. सगळं नॉर्मल. दुभाषी मुलगी म्हणाली, डॉक्टर म्हणतायत, या वयात इतकं स्वच्छ फार कमी बघायला मिळतं.

एप्रिलअखेरीस आम्ही गेलो. मला जायचं नव्हतं, पण आप्पाच म्हणाले, "जाऊया. त्या बाई वाट बघत असतील."

तिसऱ्या दिवशी त्या वाटेने निघालो. उजवीकडे समुद्र, डावीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, लंगडत पुढे चाललेली टेस. गडगा संपला, फाटक दिसलं आणि आप्पांचे पाय थांबले. किल्ला चढतानाही दम न लागणारे माझे वडील गडग्यावर बसले.

"मी पुढे नाही येत गं केतकी. मला विचारू नका काही."

मॉरागबाई त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांना मराठी येत नाही, आप्पांना त्यांचं इंग्रजी कळत नाही. त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले. अनिरुद्ध आणि मी फाटकाशी उभे होतो. विहिरीवर आता नवं लोखंडी झाकण आहे.

मी अजूनही कशालाच मानत नाही. फक्त हे कसं झालं, ते मला सांगता येत नाही. आप्पांनाही नाही.