मामांच्या पिवळ्या सायकली

नव्वदच्या दशकात नाशिक रोडला राहिलेला एकही माणूस असा नसेल, ज्याला माझ्या मामेसासऱ्यांनी ‘कुठून आलात, कुठे निघालात?’ असं विचारलं नाही. लग्नात अक्षता पडायच्या आत ते विचारून मोकळे होत. एकदा एका घरी सांत्वनाला गेले, दोन शब्द धीराचे बोलले आणि मग हळूच म्हणाले, "मंडळी स्टेशनवरून इथवर कशाने आली?" यात भोचकपणा नव्हताच असं मी म्हणणार नाही, पण त्यामागे एक योजना होती. मामांना नाशिकभर सायकली ठेवायच्या होत्या. कुणीही उचलावी, काम असेल तिथं जावं आणि तिथल्याच स्टँडवर सोडून द्यावी. कुलूप नाही, भाडं नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली नोकरी संपली, तेव्हा आमच्या कॉलनीत घरोघरी स्कूटर आल्या होत्या आणि जुन्या सायकली जिन्याखाली गंजत पडल्या होत्या. मामांनी त्या मागून आणल्या, तेलपाणी केलं आणि सगळ्यांना पिवळाधमक रंग दिला. उरलेला मामींच्या साडीला लागला. एक स्टँड कॉलनीच्या फाटकाशी, दुसरा स्टेशनजवळ. कॉलनी टेकाडावर. सकाळी सगळे मजेत उतरून स्टेशन गाठत आणि संध्याकाळी दमून रिक्षाने परत येत. मग मामाच एका सायकलवर बसून, दुसरीचं हँडल एका हाताने धरून, चढावर धापा टाकत येताना दिसत. मी मदतीला गेलो की म्हणत, "जावईबापू, माणसं उताराला आपली आपण जातात. चढाला त्यांना काहीतरी कारण लागतं. ते कारण शोधतोय."

योजना शहरभर न्यायची म्हणून त्यांनी दिवाणखान्यात फरशीवर खडूने अख्खं नाशिक काढलं होतं. सायकलींच्या जागी मूग मांडलेले. द्वारकेला मूठभर, गंगापूर रोडला जरा कमी, पंचवटीत ढीग. आम्ही सगळे गोदावरी ओलांडून स्वयंपाकघरात जात असू. उसळीला मूग कमी पडले की मामी पंचवटी उचलून नेत, आणि मामा जेवताना हळहळत.

अखेर महापालिकेतले एक साहेब स्टँड बघायला यायला तयार झाले. त्यांना पटलं तर पुढचे स्टँड मंजूर होणार होते. दिवस ठरला तो नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. मामा आठवडाभर लोकांना सांगत फिरले, "सायकल आपलीच समजा, नीट ठेवा." लोकांनी ते फारच मनावर घेतलं. साहेब आले, तेव्हा दोन्ही स्टँडवर एकही सायकल नव्हती.

मामा साहेबांना घेऊन घरोघर निघाले. प्रत्येक ओट्यावर एकेक पिवळी सायकल, हँडलला हार, चाकाला कुंकू. मळ्यातून फुलं आणून स्टेशनवर विकणाऱ्या मावशींनी तर सीटसुद्धा झेंडूने झाकली होती. मामांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पूजा केल्याली लक्ष्मी लगेच रस्त्यावं कशी लावू मामा? हार तर सुकू द्या. बरं दिसत नाय ते."

साहेबांनी प्रत्येक घरी शिरा खाल्ला आणि निघताना सौम्यपणे म्हणाले, "काका, स्टँडवर सायकल नाही, मग स्टँड वाढवून काय करू?" मामा रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "बघितलंत ना जावईबापू," ते मला म्हणाले, "एकीचीही साखळी गंजलेली नव्हती." त्या संध्याकाळी मात्र त्यांनी फरशीवरचे मूग एकेक करून डब्यात भरले. मामींनी नको नको म्हटलं तरी भरले. मला फार वाईट वाटलं.

हार सुकल्यावर सायकली परत आल्या. साहेब काही परत आले नाहीत. पुढे सायकली एकेक करून मोडल्या, आणि मग मामाही गेले. एक सायकल माझ्याकडे उरली. दसऱ्याला मी तिची पूजा करतो आणि हार सुकला की फाटकाशी बिनकुलपाची लावतो. ती वर्षानुवर्षं तिथेच उभी असायची.

यंदा ती दिसेना. चोरीला गेली असं घरचे म्हणाले. मी चालत उतरलो, तर स्टेशनजवळ, मामांच्या जुन्या स्टँडच्या जागी, ती भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. कोण घेऊन गेलं, पुढे कुठे गेलं, काही कळायला मार्ग नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारावंसं फार वाटलं. मी हँडल धरलं, चढाला लागलो, अर्ध्यावर थांबलो, आणि सायकल पुन्हा खाली नेऊन होती तिथे लावून आलो. संध्याकाळी त्या माणसाला वर यायचं असेल तर.