लाल टोपीवाला

पिपरी मेघेतल्या टायरच्या दुकानापाशी जळक्या रबराचा वास आला आणि माझी पहिली शर्यत आठवली. टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचं समालोचन मी मुंबईतल्या एका बंद खोलीत, समोरच्या पडद्याकडे बघत केलं होतं. संपताच समुद्रपूरहून आईचा फोन आला.

"तुहा आवाज आला, पण तू दिसलाच नाई. गर्दीतला लाल टोपीवाला तूच होता ना?"

"हो, मीच."

"बरं झालं. मले वाटलं, एकटाच बसून असशीन."

फोन ठेवून मी हसलो होतो. आता आई नाही आणि हसूही येत नाही. दोन तास ती हजारो चेहऱ्यांत माझा चेहरा शोधत होती, आणि मी तिला दुसऱ्याच कुणाचा तरी दिला.